व्हॉयेजरची खतावणी: सात सीझन पुन्हा पाहताना केलेल्या नोंदी

६ जानेवारी २०२४

कामाची हद्द ठरवली. 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' ही अमेरिकन विज्ञानकथा-मालिका पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत, वही समोर ठेवून. १६ जानेवारी १९९५ ते २३ मे २००१, सात सीझन, १७२ भाग. एक भाग साधारण ४५ मिनिटांचा, म्हणजे नुसतं बघायलाच १२९ तास. थांबवून, मागे नेऊन, मोजून बघायचं तर दुप्पट धरा.

मालिका आवडती आहे हे आधीच लिहून ठेवलेलं बरं. नावडत्या मालिकेचा हिशेब मांडायला कोण बसतं? पण दर वेळी चौथ्या-पाचव्या सीझनच्या आसपास तोंड आंबट होतं, आणि ते का होतं हे विचारलं की उत्तर गोलगोल येतं: "मजा गेली", "तेच ते व्हायला लागलं". हे गोलगोल उत्तर आकड्यांत बसवता येतं का, ते पाहायचं.

आकडेच का? कारण मालिकेने स्वतःच पहिल्या दिवशी आकडे मांडलेत. व्हॉयेजर हे अंतराळजहाज घरापासून, म्हणजे पृथ्वीपासून, ७०,००० प्रकाशवर्षं लांब फेकलं गेलंय. कमाल वेगाने गेलं तरी ७५ वर्षं. वाटेत गोदी नाही, रसद नाही, बदली माणूस नाही. जे आहे ते वापरलं की संपलं. लेखकांनी स्वतः घालून घेतलेली अट आहे ही, प्रेक्षकांनी लादलेली नाही.

वहीत सहा रकाने: टॉर्पेडो, शटल (जहाजावरची छोटी यानं), माणसं, अंतर, इंधन-शिधा, आणि सहावा 'उधारी'. एखाद्या भागाने काही मोठं घडवलं (जखम, भांडण, शोध, नवा माणूस) आणि त्याचे परिणाम पुढे दिसायला हवेत असं वाटलं, की ते उधारीत चढवायचं. परिणाम दिसला की 'वसूल' लिहून भागाचं नाव टाकायचं.

७ जानेवारी

प्रत कोणती वापरायची याचा निकाल: अमेरिकन डीव्हीडी संच. पर्याय नाहीच. मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली, पण संकलन आणि व्हीएफएक्स व्हिडिओ टेपवर झाले. आधीच्या स्टार ट्रेक मालिकेचं, 'द नेक्स्ट जनरेशन'चं, फिल्मवरून नव्याने एचडी करण्यात आलं. व्हॉयेजरच्या नशिबी ते आलेलं नाही. म्हणजे ४८० ओळींत भागवायचं.

मोजणीत पहिली अडचण इथेच आली. चित्र इंटरलेस्ड आहे, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची (फील्डची) बनलेली. वेगात जाणारा टॉर्पेडो म्हणजे लालसर ठिपका. फ्रेम थांबवली की तो कंगव्याच्या दात्यांसारखा फाटतो आणि एकाचे दोन दिसतात. मग पुलडाउन (२४ फ्रेमची फिल्म ३० फ्रेमच्या व्हिडिओत बसवताना पडलेली भर) काढणारा फिल्टर लावून पाहिला. माणसांच्या दृश्यांत तो चोख चालतो, कारण ती २४ फ्रेमची फिल्म आहे. पण जहाजाची बरीच दृश्यं मुळातच व्हिडिओच्या ३० फ्रेममध्ये बनलेली; तिथे हा फिल्टर दर पाचवी खरी फ्रेम फेकून देतो. टॉर्पेडो नळीतून सुटतानाची फ्रेमच नेमकी गेली तर मोजणार काय?

तोडगा: याडिफ हा इंटरलेसिंग काढणारा फिल्टर, दर फील्डला एक फ्रेम देणाऱ्या पद्धतीत, म्हणजे सेकंदाला ५९.९४ फ्रेम. फाईल फुगते, पण काही गळत नाही. एमपीव्ही या व्हिडिओ प्लेयरमध्ये पूर्णविरामाच्या बटणाने एक फ्रेम पुढे आणि स्वल्पविरामाने एक मागे जाता येतं. व्हीएलसीत 'ई' दाबून फक्त पुढे जाता येतं, म्हणून ते बाद.

१३ जानेवारी

'केअरटेकर', दोन तासांचा पहिला भाग. आरंभीची शिल्लक लिहून घेतली. पंधरा मजले, कर्मचारी १४१, टिकवता येणारा वेग वार्प ९.९७५ (वार्प म्हणजे प्रकाशाहून जलद वेगाचं मालिकेतलं माप). हे सगळं स्टाडी नावाची वैमानिक एका दमात सांगते आणि थोड्याच वेळात मरते. तिच्याबरोबर उपकप्तान, मुख्य अभियंता, डॉक्टर. मग चाकोटेचे (तो पुढे उपकप्तान होतो) माकी, म्हणजे जहाजाच्या दलाशी, स्टारफ्लीटशी, वैर असलेले बंडखोर, जहाजावर येतात, त्यामुळे १४१ हा आकडा त्याच रात्री निकामी होतो. माणसांच्या रकान्यात '१५० च्या आसपास' असं पेन्सिलीने लिहिलं.

जहाजाला इथवर खेचून आणणाऱ्या केअरटेकर या परक्याचा अंतराळतळ, म्हणजेच अ‍ॅरे उडवायला दोन ट्रायकोबाल्ट अस्त्रं वापरली. ती फोटॉन टॉर्पेडोत धरायची नाहीत, वेगळी ओळ.

अंतराच्या रकान्यासाठी सोपा भागाकार: ७०,००० भागिले ७५, म्हणजे वर्षाला सुमारे ९३३ प्रकाशवर्षं. 'नेक्स्ट जनरेशन'च्या तांत्रिक पुस्तिकेतल्या तक्त्यात वार्प ७ म्हणजे प्रकाशाच्या ६५६ पट, वार्प ८ म्हणजे १,०२४ पट आणि वार्प ९ म्हणजे १,५१६ पट. तेव्हा ७५ वर्षांचा अंदाज सरासरी वार्प ८ च्याही खालचा निघतो. थांबे, दुरुस्त्या, वळसे धरले तर ठीकच. इथे नावं ठेवायला जागा नाही.

माकींना स्टारफ्लीटचा गणवेश पहिल्याच भागाच्या शेवटी चढतो. उधारी क्रमांक १: दोन शत्रू गट एका जहाजावर.

२१ जानेवारी

'द क्लाउड'. सगळ्या खतावणीचा खांब हाच भाग. ढगातून बाहेर पडायला टॉर्पेडो सोडायची वेळ येते तेव्हा सुरक्षा अधिकारी टुवॉक शांतपणे सांगतो की आपल्याकडे ३८ फोटॉन टॉर्पेडो आहेत, आणि कॅप्टन जेनवे त्यात भर घालते की गेलेले पुन्हा भरून काढता येणार नाहीत. त्याच भागात कॅप्टन आपला कॉफीचा वाटा सोडते. एकीकडे शस्त्रं मोजून, दुसरीकडे कॉफी मोजून. अशी मालिका बघायला कुणाला आवडणार नाही?

आता मोजणीचे नियम पक्के केले, नाहीतर पुढे वाद होतील. नळीतून सुटताना दिसला तरच तो 'दिसलेला'. नुसता हुकूम ऐकू आला आणि जहाज हादरलं, तर 'ऐकलेला', वेगळ्या रंगात. संपूर्ण फैरीचा हुकूम असेल तर पडद्यावर दिसले तेवढेच, अंदाज नाही. होलोडेकमधले (करमणुकीच्या आभासी दृश्यांच्या खोलीतले) धरायचे नाहीत. त्याच नळीतून शोधयान सुटतं आणि ते लांबून टॉर्पेडोसारखंच दिसतं, म्हणून आधीचा संवाद ऐकल्याशिवाय खूण करायची नाही. काळ उलटा फिरून घटना पुसली गेली, तर त्यातले टॉर्पेडो वजा करायचे नाहीत, कंसात ठेवायचे.

शेवटचा नियम वापरावा लागणार नाही असं वाटलं होतं.

३ फेब्रुवारी

पहिला सीझन संपला. वही नीटनेटकी आहे. 'पॅरलॅक्स'मध्ये माकी टॉरेस स्टारफ्लीटच्या कॅरीचं नाक फोडते आणि तरीही मुख्य अभियंता तीच होते, कॅरीला डावलून. उधारी १ चा पहिला हप्ता वसूल. होलोडेकची वीज जहाजाच्या बाकी यंत्रणेला का देता येत नाही याचाही खुलासा त्याच भागात उरकलाय, म्हणजे 'शिधा तुटपुंजा आणि करमणूक फुकट कशी' हा प्रश्न कुणाला तरी पडला होता. रेप्लिकेटरची (अन्न आणि वस्तू तयार करणाऱ्या यंत्राची) शिधापत्रिका, वाटाड्या नीलिक्सचं स्वयंपाकघर, लिओला कंदाला सगळ्यांनी नाकं मुरडणं, सगळं जागेवर.

'आय ऑफ द नीडल' तर आजही पहिल्या दहांत. सूक्ष्म वर्महोल (अवकाशातला आडमार्ग) सापडतो, पलीकडे, घराच्या बाजूला, रोम्युलन शास्त्रज्ञ. बोलणं होतं, माणूस पाठवताही येतो, फक्त तो वीस वर्षं मागच्या काळात आहे. घर हातभर अंतरावर आणि तरी नाही. या भागात फसवणूक नाही: दार का बंद झालं ते कळतं, आणि ते बंदच राहतं.

कॅरीच्या नावापुढे एक टीप: सीझनअखेरीस हा माणूस दिसेनासा होतोय, लक्ष ठेवा.

२५ फेब्रुवारी

दुसरा सीझन. पहिली खाडाखोड.

अंतराचा रकाना सांगतो की दोन वर्षांत साधारण १,८६६ प्रकाशवर्षं कापली गेली असतील. तरी शत्रू टोळ्या, काझॉन, त्याच, कधी कधी तर चेहरेही तेच. ज्यांना पहिल्या भागात प्यायचं पाणी मिळत नव्हतं त्यांचं राज्य दोन हजार प्रकाशवर्षं पसरलंय? पळणाऱ्या जहाजाच्या कथेत शत्रू मुक्कामाला येतो तेव्हा प्रवास होतोय यावरचा विश्वासच उडतो.

'थ्रेशोल्ड'. वैमानिक पॅरिस वार्प १० गाठतो, अनंत वेग, म्हणजे विश्वात कुठेही तत्क्षणी. दुष्परिणाम म्हणून तो आणि जेनवे सरड्यासारखे उभयचर होतात, त्यांना तीन पिल्लं होतात, डॉक्टर (मेलेल्या डॉक्टरच्या जागी आलेला होलोग्राम) दोघांना पुन्हा माणूस करतो आणि पिल्लं ग्रहावरच सोडून जहाज निघून जातं. भाग वाईट आहे हे सगळ्या जगाला माहीत आहे, त्यावर शाई नको. हिशेबाचा मुद्दा वेगळाच: उपाय सापडलाय. सगळ्यांनी वार्प १० ने घरी जावं आणि तिथे औषध घ्यावं. हे का करता येत नाही याचं एक वाक्य पुरलं असतं. उधारी क्रमांक ९.

'डेडलॉक' मात्र जमलेला भाग, आणि खतावणीला सगळ्यात जड. जहाजाची दोन होतात. एकावर तरुण अधिकारी हॅरी किम बाहेर अंतराळात खेचला जाऊन मरतो, वाइल्डमन या महिला अधिकाऱ्याची नवजात मुलगीही मरते. दुसरं जहाज धडधाकट, पण त्यावर अवयव चोरणारे विडियन चढतात, म्हणून त्याची कॅप्टन ते उडवते. त्याआधी तिथला किम आणि तिथलं बाळ पलीकडे पाठवले जातात. माणसांचा रकाना जुळतो: दोन गेले, दोन आले. जहाजाचा जुळत नाही. उरलेलं जहाज मोडकं होतं, पुलावर, म्हणजे नियंत्रणकक्षात, छप्पर लोंबत होतं. पुढच्या भागात चकाचक. दुरुस्तीला किती दिवस लागले, काय खर्ची पडलं, एक अक्षर नाही.

'टुविक्स': टुवॉक आणि नीलिक्स या दोन माणसांचा एक झाला, मग कॅप्टनच्या हुकमावरून, त्या एकाच्या विनवण्या डावलून, पुन्हा दोन. बेरीज शून्य. जेनवे शेवटी एकटी कॉरिडॉरमधून चालत जाते तो शॉट अप्रतिम. पुढच्या आठवड्यात कुणालाही काही आठवत नाही. उधारी ११.

१७ मार्च

तिसरा सीझन भराभर झाला. 'फेअर ट्रेड'ला शंभर गुण: नीलिक्स वाटाड्या म्हणून घेतला होता, आणि आता त्याच्या माहितीचा मुलूख संपतो. आपली गरज उरणार नाही या भीतीने तो नको त्या भानगडीत पडतो. पहिल्या भागात मांडलेली गोष्ट, तिसऱ्या वर्षी वसूल. जमतं की यांना!

'वर्स्ट केस सिनारिओ'मध्ये माकींचं बंड एकदाचं पाहायला मिळतं, तेही होलोडेकवर. टुवॉकने केलेला जुना सराव-कार्यक्रम. भाग गमतीदार आहे, पण उधारी १ चा मोठा हप्ता असा खेळण्यातल्या नोटांनी फेडला गेला.

'बिफोर अँड आफ्टर', ९ एप्रिल १९९७. केस ही जहाजावरची परग्रहवासी तरुणी काळात उलटी फिरते आणि भविष्यातलं एक वर्ष बघते: क्रेनिम लोकांशी लढाई, ढाली भेदणारे क्रोनिटॉन टॉर्पेडो, आणि त्यांचा कालिक फरक १.४७ मायक्रोसेकंद. परत आल्यावर ती कॅप्टनला हे सांगायला बसते. आकडा लाल शाईत लिहून ठेवला.

२० एप्रिल

'इयर ऑफ हेल', दोन्ही भाग, ५ आणि १२ नोव्हेंबर १९९७. यावर दोन दिवस गेले, आणि जायलाच हवे होते.

खतावणी ठेवणाऱ्याला हवी तीच ही मालिका. पडद्यावर दिवसांचे आकडे पडतात आणि दर आकड्याला जहाज आणखी खंगलेलं दिसतं. मजले बंद होतात, लोक जेवणघरात दाटीने झोपतात, रेप्लिकेटर बंद. एका दृश्याशी थांबा: जेनवेचा वाढदिवस, चाकोटे तिला खिशातलं जुन्या धाटणीचं घड्याळ देतो, आधीच रेप्लिकेट करून ठेवलेलं. ती ते परत करते. हे वितळवलं तर एक जेवण होईल, बुटांचा जोड होईल, असं सांगते. घड्याळ सुंदर आहे, तिला हवंही आहे, आणि ती घेत नाही. ३८ टॉर्पेडोंच्या वाक्यानंतर टंचाई अशी हाताला लागते ती इथे, चौथ्या सीझनमध्ये.

मग सेव्हनला (बोर्ग या अर्धयंत्र जमातीतून सुटून आलेली नवी सहकारी) एका अरुंद बोगद्यात न फुटलेला क्रोनिटॉन टॉर्पेडो सापडतो. ती त्याचा कालिक फरक मोजते. १.४७ मायक्रोसेकंद. स्फोटात टुवॉकचे डोळे जातात.

लाल शाईतला आकडा. तोच. सात महिन्यांपूर्वी केसने सांगितलेला. केस तोवर मालिकेतून गेलेली, पण जहाज तेच, कॅप्टन तीच. तिने सांगितलेलं कुणाला आठवत नाही, आठवत नाही याची कुणाला खंतही नाही. आकडा एकसारखा ठेवण्याइतकी काळजी कुणीतरी घेतली, म्हणजे लेखनकक्षात कुणाच्या तरी लक्षात होतं. पात्रांच्या लक्षात ठेवणं तेवढं राहिलं. विसरलेल्या चुकीपेक्षा ही अर्धवट आठवण जास्त बोचते.

शेवटी जेनवे आपलं जहाज शत्रूच्या कालयानावर आदळवते आणि सगळं वर्ष पुसलं जातं. अख्खी दोन पानं कंसात गेली. लेखक-निर्माते ब्रॅनन ब्रागा यांनी नंतर सांगितलंय की ही गोष्ट पूर्ण सीझनभर चालवायची त्यांची इच्छा होती. तशी झाली असती तर या वहीची गरजच नव्हती.

२८ एप्रिल

चौथ्यातलं उरलेलं, थोडक्यात.

'द गिफ्ट'मध्ये केस जाता जाता जहाज ९,५०० प्रकाशवर्षं पुढे ढकलते. संवादात दहा वर्षं वाचल्याचं म्हटलंय. ९३३ ने भागलं तर १०.२. जुळलं, बरोबरची खूण केली.

'डे ऑफ ऑनर'मध्ये एक शटल फुटून जातं, पॅरिस आणि टॉरेस स्पेससूटमध्ये तरंगत राहतात. 'नेमेसिस'मध्ये चाकोटेचं जातं. शटलचा रकाना अवघड आहे, कारण आरंभीची शिल्लकच कुठे नीट सांगितलेली नाही. जमा बाजू नाही, फक्त खर्च. आणि जहाजाच्या बशीसारख्या पुढच्या भागाखाली चिकटवलेलं एरोशटल, जे मालिकेचे आरेखक रिक स्टर्नबाख यांनी आराखड्यात काढून ठेवलं होतं, ते सात वर्षांत एकदाही सुटत नाही. इकडे शटलमागून शटल फुटतायत!

'मॉर्टल कॉइल': नीलिक्स मरतो, आणि अठरा तासांहून जास्त वेळाने बोर्ग नॅनोप्रोब (अतिसूक्ष्म यंत्रं) देऊन त्याला उठवतात. त्याची श्रद्धा ढासळते, नीलिक्स झालेल्या एथन फिलिप्सने फार सुरेख केलंय. पण मग पुढच्या प्रत्येक मृतासाठी नॅनोप्रोब का नाहीत? उधारी १९. इतकी मोठी उधारी दुसरी कुठलीच नाही.

'डेमन': ड्यूटेरियम संपलं म्हणून जहाज मरणपंथाला. ड्यूटेरियम म्हणजे जड हायड्रोजन. पृथ्वीवरच्या समुद्रात हायड्रोजनच्या दर साधारण ६,४०० अणूंमागे एक त्याचा असतो, आणि विश्वात हायड्रोजनइतकं मुबलक काहीच नाही. जहाजाच्या नॅसेलच्या, म्हणजे लांबट इंजिन-कोषांच्या, टोकाला लाल चमकणारे बुसार्ड संग्राहक आहेत, ते हायड्रोजन गोळा करण्यासाठीच. समुद्रात राहून मिठाला महाग झाल्यासारखं आहे हे. टंचाई दाखवायची तर काचेची, औषधाची, सुट्या भागांची दाखवा.

५ मे

टॉर्पेडोची फेरमोजणी, चार सीझन. दोन स्वतंत्र मोजण्या केल्या आणि त्या पहिल्या झटक्यात जुळल्या नाहीत. फरक बहुतेक दोनच ठिकाणी: कॅमेरा बदलताना अर्धवट दिसणारे, आणि शोधयानं. 'ओमेगा डायरेक्टिव्ह'मधला खास बनवलेला ग्रॅव्हिमेट्रिक टॉर्पेडो ३८ मधला एक धरायचा की नवा, यावर एकमत झालं नाही, कंसात ठेवला.

कुठल्याही नियमाने मोजा, मालिका संपण्याच्या बऱ्याच आधी ३८ ची रेघ ओलांडली जाते. हे काही नवं संशोधन नव्हे, चाहते कित्येक वर्षं हेच ओरडतायत. पण मोजताना एक गोष्ट स्पष्ट झाली. तक्रार जास्तीच्या टॉर्पेडोंची नाहीच. टॉरेसने कारखाना उभा केला, एका ग्रहावर कच्चा माल मिळाला, असं अर्ध्या मिनिटाचं दृश्य असतं तर उलट आनंदच झाला असता: बघा, माणसांनी मार्ग काढला. तो आनंद कुणी दिलाच नाही.

१९ मे

पाचवा. 'एक्स्ट्रीम रिस्क'मध्ये डेल्टा फ्लायर बनतं, अख्खं नवं यान, काही दिवसांत, जहाजावरच. म्हणजे कारखाना आहे! मग शटलचा रकाना बंदच करावा. केला. त्याच भागात टॉरेसला माकी मित्रांच्या कत्तलीचा धक्का बसलेला दिसतो. बातमी आली होती चौथ्या सीझनच्या 'हंटर्स'मध्ये. इतके महिने ती हसतखेळत होती, एका भागात खचली, त्याच भागाच्या शेवटी सावरली. वसूल लिहिलं, पण शाई पुसट.

'थर्टी डेज' मात्र कोरून ठेवण्यासारखा. पॅरिस हुकूम मोडतो, तीस दिवस कोठडी, आणि लेफ्टनंटवरून पदावनती. कॉलरवरची हुद्द्याची पिन प्रत्येक भागात तपासली. पदावनती टिकते, सहाव्या सीझनच्या शेवटी 'युनिमॅट्रिक्स झिरो'मध्ये त्याला हुद्दा परत मिळेपर्यंत. एवढीशी पिन सांभाळता येते, तर बाकीचं जमत नव्हतं हे कारण उरत नाही.

'डार्क फ्रंटियर': बोर्गांकडून पळवलेल्या ट्रान्सवार्प कॉइल या अतिवेगाच्या यंत्राने २०,००० प्रकाशवर्षं. संवादात पंधरा वर्षं वाचली म्हणतात. ९३३ ने भागा, एकवीसहून जास्त येतात. 'द गिफ्ट'ला जो हिशेब लावला तो इथे कुणी लावला नाही. आणि एक बेरीज: केसचे ९,५०० आणि हे २०,००० मिळून २९,५००, म्हणजे मूळ अंतराच्या ४२ टक्के, दोन धक्क्यांत. पाच वर्षांत जहाजाने स्वतःच्या इंजिनाने कापलं ते पाच हजाराच्या आत. प्रवासाची मालिका म्हणायची आणि सहापट अंतर ढकलगाडीने!

१ जून

'इक्विनॉक्स', २६ मे १९९९ आणि २२ सप्टेंबर १९९९. उधारीच्या रकान्यातलं सर्वांत जड पान.

दुसरं स्टारफ्लीट जहाज सापडतं, लहान, नोव्हा वर्गातलं, तसंच हरवलेलं. अर्धी माणसं मेलेली, कॉरिडॉर जळके, आणि कॅप्टन रॅन्सम परक्या जिवांना मारून त्यांच्यापासून इंधन काढतोय. व्हॉयेजरचं काय व्हायला हवं होतं ते शेजारी आणून उभं केलंय, आरशासारखं. लेखकांना अट पूर्ण समजलेली होती याचा याहून मोठा पुरावा नको. दुसऱ्या भागात जेनवेही घसरते: एका कैद्याला त्या जिवांच्या तोंडी द्यायला निघते, चाकोटे अडवतो, ती त्याला पदावरून दूर करते.

आणि शेवट. पुलावर पडझड आवरताना जहाजाच्या नावाची पितळी पाटी जमिनीवर पडलेली सापडते. इतक्या लढायांत ही कधी पडली नव्हती, असं दोघं बोलतात, आणि ती पुन्हा जागेवर लावायचं ठरतं. प्रतीक म्हणून छान. पण पाटी लागली ती कायमची लागली. जेनवे-चाकोटेमध्ये जे फाटलं त्याचा टाका नंतर कुठे दिसत नाही.

इक्विनॉक्सचे पाच जण व्हॉयेजरवर घेतले जातात: लेसिंग, गिल्मोर, मॉरो, सोफिन, टासोनी. हुद्दे काढून घेतलेले, खुनात सामील असलेले पाच लोक, दीडशेच्या बंद गावात. माणसांच्या रकान्यात अधिक पाच लिहिलं. प्रत्येकाला उधारीत स्वतंत्र ओळ दिली.

२ जून

कारणांची नोंद, कारण नुसता दोषांचा पाढा वाचण्यात अर्थ नाही.

व्हॉयेजर यूपीएन या नव्या वाहिनीची पहिल्या रात्रीची मालिका. वाहिनीला सुटे भाग हवे होते: मध्येच येऊन बसलेल्याला कळले पाहिजेत, आणि पुनःप्रसारणात कसाही क्रम लागला तरी चालला पाहिजे. मोडकं जहाज या गणितात बसत नाही. शिवाय जहाजाचे ठरीव शॉट पुन्हा पुन्हा वापरायचे, त्यात ते स्वच्छच असणार. डाग ठेवायचा तर प्रत्येक शॉट नवा. त्यात सूत्रधार बदलत गेले. मायकेल पिलर दुसऱ्या सीझननंतर बाजूला, जेरी टेलर चौथ्यानंतर निवृत्त, मग ब्रागा, सातव्याला केनेथ बिलर. चौघांच्या चार वह्या.

लेखक रोनाल्ड डी. मूर १९९९ मध्ये सहाव्या सीझनसाठी आले, 'सर्व्हायव्हल इन्स्टिंक्ट' लिहिला, 'बार्ज ऑफ द डेड'मध्ये हात लावला, आणि निघून गेले. मग 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'त त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या खोलीत पांढरा फळा टांगला आणि त्यावर जिवंत माणसांची संख्या. '३३' भागाच्या शेवटी एक बाळ जन्मतं आणि फळ्यावर ४७,९७२ चे ४७,९७३ होतात. एका अंकाने गळा दाटून येतो, कारण तोवर तो अंक खरा मानायला आपल्याला शिकवलेलं असतं. (त्या मालिकेच्या शीर्षकात सायलॉन या शत्रू यंत्रमानवांकडे योजना असल्याचं सांगत राहिले, आणि ती योजना काही शेवटपर्यंत हाती लागली नाही. तो हिशेब वेगळ्या वहीत.)

२३ जून

सहावा. 'ब्लिंक ऑफ अ‍ॅन आय' पुन्हा पाहिला, केवळ आनंदासाठी, नोंद काही नाही. 'पाथफाइंडर'नंतर पृथ्वीशी बोलणं सुरू होतं. एकटेपणाची अट तिथे सैल होते, पण ती कारण देऊन, कष्टाने सैल केलेली, म्हणून चालते. 'फ्युरी'त केस परत येते, रागाने वेडी, जहाज उद्ध्वस्त करायला. १.४७ चं कर्ज फेडायची शेवटची संधी होती. फेडलं नाहीच, उलट पात्राची राखरांगोळी केली.

पाच जणांच्या ओळी कोऱ्या.

१४ जुलै

'फ्रेंडशिप वन', २५ एप्रिल २००१. कॅरी सापडला! पहिल्या सीझननंतर हा माणूस दिसला तो फक्त भूतकाळातल्या किंवा पर्यायी काळातल्या दृश्यांत. आता तो जिवंत, कामावर, आणि याच भागात गोळी लागून मरतो. शेवटचा भाग चार आठवड्यांवर. त्याच्या खोलीत बाटलीतलं जहाज सापडतं, व्हॉयेजरचंच, हाताने केलेलं, एक नॅसेल बसवायचं राहिलेलं.

दृश्य चांगलं आहे. वाईट याचं वाटतं की मध्ये पाच-सहा वेळा नुसतं मागे उभं केलं असतं त्याला, इंजिनरूममध्ये, हातात अवजार घेऊन, तर ही बाटली सहन झाली नसती.

२१ जुलै

'एंडगेम'. भविष्यातली जेनवे येते, चिलखत आणि ट्रान्सफेजिक टॉर्पेडो घेऊन. टॉर्पेडोचा रकाना दोन आडव्या रेघांनी बंद केला. तिच्या मूळ काळात जहाजाला एकूण २३ वर्षं लागली होती. इथे सात. जहाज पृथ्वीसमोर पोचतं, पहिल्या भागातला घराकडे निघण्याचा हुकूम तसाच्या तसा पुन्हा येतो, आणि संपलं. दारात कोण उभं होतं, माकींचं काय झालं, कोण कुणाच्या गळ्यात पडलं, काही नाही. सात वर्षं ज्या दाराकडे चाललो ते उघडण्याआधीच दिवे बंद.

२७ जुलै

अखेरची तपासणी. उधारीतल्या ओळी एकेक करून पाहिल्या. लेसिंग, गिल्मोर, मॉरो, सोफिन, टासोनी: सहावा आणि सातवा सीझन गर्दीच्या दृश्यांसाठी पुन्हा पळवला, पाचही जणांचा पत्ता नाही. 'थ्रेशोल्ड'ची पिल्लं त्यांच्या ग्रहावर. नॅनोप्रोब कपाटात.

पूर्ण जुळलेला रकाना शोधत होतो, तो शेवटी पिनांच्या पानावर मिळाला. हॅरी किम, एन्साइन (सर्वांत खालचा अधिकारी हुद्दा). आरंभीची शिल्लक: पिन १. सात वर्षांत जमा काही नाही, खर्च काही नाही. अखेरची शिल्लक: पिन १. बरोबरची खूण करायला पेन टेकवलं आणि 'डेडलॉक' आठवला. हा किम दुसऱ्या जहाजावरचा. मूळ पिन त्या पहिल्या किमबरोबर बाहेर अंतराळात गेली.

खूण कंसात केली.